उपनगरांतून मरुभूमीकडे : राजवाड्यांच्या नगरांची सहल आणि तिचे नियोजन

दिवाळीची सुटी जवळ आली की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील अनेक कुटुंबांत वर्षभर साठविलेल्या रजेचा आणि पैशाचा हिशेब मांडला जातो. कोकणातील गाव, देवदर्शन, थंड हवेचे ठिकाण असे पर्याय चर्चेला येतात आणि त्यांत राजस्थानचे नाव हटकून निघते. किल्ले, राजवाडे, सरोवरे आणि वाळवंट हे सारे एकाच प्रवासात पाहावयास मिळते, भाषा समजते, शाकाहारी भोजनाची सोय होते आणि रेल्वेची थेट गाडी असते, ही त्याची उघड कारणे आहेत. महाराष्ट्रातील मध्यमवर्गात सहलीची आवड रुजविण्यात सहल-संस्थांचाही वाटा मोठा आहे. एकेकाळी शिक्षक असलेले केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये आपली सहल-संस्था काढली. अशा संस्थांमुळे वडीलधाऱ्या मंडळींनाही दूरच्या प्रवासाचे धाडस होऊ लागले.

तथापि आठ-दहा दिवसांची ही सहल आटोपून आलेल्या प्रवाशांच्या आठवणीत पुष्कळदा लांबच लांब मोटारप्रवास, घाईघाईने पाहिलेली दालने आणि खरेदी एवढेच उरते. सामान्य नोकरदाराची चार वर्षांतून एकदा मिळणारी संधी अशा रीतीने वाया जावी, हे योग्य नव्हे. दुसरीकडे, ज्या नगरांना प्रवासी भेट देतात त्यांच्या पाण्यावर, वास्तूंवर आणि लोकजीवनावर या गर्दीचा भार पडतो. प्रवाशाचे समाधान आणि यजमान नगरांचे हित या दोन्ही गोष्टी नियोजनाशी निगडित आहेत. म्हणूनच या सहलीचा थोडा तपशिलाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

जुने ऋणानुबंध

मराठी माणसाने राजस्थानच्या राजधान्या पाहिल्या त्या काही रेल्वे सुरू झाल्यावर नव्हेत. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या. उदेपूरच्या महाराण्यांनी आणि जयपूरच्या सवाई जयसिंगांनी त्यांचा आदरसत्कार केला. पुढे मथुरा, प्रयाग, काशी, गया ही क्षेत्रे करून त्या १७३६ मध्ये परतल्या. या यात्रेस वर्षाहून अधिक काळ लागला. याच १७३६ साली स्वतः बाजीराव राजस्थानात गेले. उदेपुरास महाराणा दुसरे जगतसिंग यांची आणि नंतर सवाई जयसिंगांची त्यांनी भेट घेतली.

या संबंधांची दुसरी बाजूही मराठी प्रवाशाने जाणून घेतली पाहिजे. पुढील काळात जयपूर आणि मारवाड येथील वारसाहक्काच्या भांडणांत शिंदे-होळकरांच्या फौजा उतरल्या आणि खंडणीचे ओझे या संस्थानांवर पडले. मराठ्यांच्या मागण्यांपुढे हताश झालेल्या जयपूरच्या ईश्वरीसिंगांनी १७५० च्या डिसेंबरमध्ये आत्महत्या केली. त्यानंतर महिन्याभरातच जयपूर शहरात अनेक मराठ्यांची कत्तल झाली. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे यांचा खून झाला. जयपुरातील ‘ईसरलाट’ हा उंच मनोरा ईश्वरीसिंगांनीच उभारलेला आहे. तेथील वाटाड्या हा इतिहास सांगू लागला की काही मराठी प्रवासी अस्वस्थ होतात. वस्तुतः आपल्या इतिहासाकडे दुसऱ्याच्या अंगणातून पाहता येणे हा प्रवासाचा मोठाच लाभ होय. शाळेत मराठ्यांचा उत्तरेकडील विस्तार शिकविणाऱ्या शिक्षकांस तर या भेटीतून अध्यापनाची वेगळी दृष्टी मिळू शकेल.

प्रस्थान : सोयी आणि अडचणी

मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. राजस्थानच्या प्रवासाच्या दृष्टीने या जिल्ह्याचे पश्चिम आणि पूर्व असे दोन भाग पडतात. पश्चिम रेल्वेने जोधपूरकडे जाणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस, बिकानेरकडे जाणारी रणकपूर एक्स्प्रेस आणि मुंबई सेंट्रलहून निघणारी जयपूर एक्स्प्रेस या गाड्या बोरिवलीस थांबतात. त्यामुळे बोरिवली-कांदिवलीच्या रहिवाशांना राजस्थानची गाडी घरालगतच मिळते. मुलुंड-भांडुपच्या कुटुंबांना मात्र सामानसुमान घेऊन दादरला गाडी बदलावी लागते किंवा रस्त्याने पश्चिम उपनगर गाठावे लागते. घाटकोपरकरांना ८ जून २०१४ पासून अंधेरीमार्गे वर्सोव्याला जाणारी मेट्रो उपलब्ध झाली आहे. वृद्ध आणि लहान मुले बरोबर असताना प्रवासाचा हा पहिला टप्पाच दमविणारा ठरतो; त्यासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवणे शहाणपणाचे होय.

राजस्थानच्या गाड्या केवळ पर्यटकांसाठी धावत नाहीत, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. उपनगरांत व्यापार, मिठाई, संगमरवर बसविण्याची कामे, सुतारकाम अशा व्यवसायांत असलेली हजारो राजस्थानी कुटुंबे याच गाड्यांनी दिवाळी, होळी आणि लग्नसराईत गावी जातात. रेल्वेने आरक्षणाचा आगाऊ कालावधी १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणला. तेव्हापासून प्रवासाची तारीख ठरली की आरक्षण उघडण्याच्या दिवशीच तिकीट घेण्याची सवय अधिक आवश्यक झाली आहे. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी दिवाळीपूर्वी वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरला जाणाऱ्या अनारक्षित गाडीत चढताना चेंगराचेंगरी होऊन अनेक प्रवासी जखमी झाले. ज्यांना सुटीची तारीख पुढेमागे करणे शक्य आहे त्यांनी सणाचे ऐन दिवस टाळून नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडल्यास स्वतःची सोय होतेच, शिवाय सणासाठी घरी जाणाऱ्या एखाद्या श्रमिकास जागाही मिळते.

शासकीय सेवेतील वाचकांनी रजा प्रवास सवलतीचे नियम प्रस्थानापूर्वी पाहून घ्यावेत. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना चार वर्षांच्या गटात एकदा भारतातील कोणत्याही ठिकाणी जाण्यासाठी ही सवलत घेता येते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन अशा सवलती असून महाराष्ट्र दर्शनाची मर्यादा राज्याच्या सीमेपर्यंतच आहे. राजस्थानचा खर्च सवलतीत बसेल असे गृहीत धरून तिकिटे काढणाऱ्यावर नंतर पश्चात्तापाची वेळ येते.

किती दिवस, किती नगरे

राजस्थान हे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राज्य आहे. जयपूर ते जोधपूर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशेहून अधिक आणि जोधपूर ते उदेपूर सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर आहे. सहल फसण्याचे प्रमुख कारण ही अंतरे विचारात न घेणे हेच होय. एका दिवसात एक नगर असा कार्यक्रम आखला तर दिवसाचा निम्मा वेळ वाहनात जातो आणि किल्ल्याच्या दारात पोहोचेपर्यंत मुले कंटाळलेली व ज्येष्ठ मंडळी थकलेली असतात.

मुंबईहून जाण्याच्या रात्रीनंतर जयपुरात दोन रात्री, जोधपुरात एक, जैसलमेरात दोन, परतीच्या वाटेवर पुन्हा जोधपुरात एक, उदेपुरात दोन आणि शेवटी परतीच्या गाडीतील एक, असा दहा रात्रींचा कार्यक्रम बऱ्यापैकी सुसह्य होतो. एवढी रजा नसेल तर चारही नगरांचा हट्ट न धरता प्रवासाचे दोन भाग करावेत. एका वर्षी जोधपूर व जैसलमेर म्हणजे मारवाड आणि मरुभूमी. दुसऱ्या वर्षी उदेपूर, चितोड व कुंभळगड म्हणजे मेवाड. थोडे पाहिले तरी ते नीट पाहिले जाते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

ऋतूच्या बाबतीत ऑक्टोबर अखेर ते मार्चच्या आरंभापर्यंतचा काळ योग्य समजला जातो. शाळांना मे महिन्यात सुटी असते म्हणून उन्हाळ्यात तेथे जाण्याचा मोह काहींना होतो. जोधपूर-जैसलमेर भागातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. उलट डिसेंबर-जानेवारीत वाळवंटातील रात्री अतिशय थंड असतात. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्यांना याची कल्पना नसते. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही, तहान उशिरा लागते आणि शरीरातील पाणी मात्र कमी होत असते. मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि लहान मुले यांना ठरावीक वेळाने पाणी देत राहणे, औषधे पुरेशी बरोबर ठेवणे आणि दुपारची विश्रांती न टाळणे या गोष्टी कोणत्याही दालनापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

जयपूर : आखून वसविलेले नगर

सवाई जयसिंगांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरची स्थापना केली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने आखलेले हे नगर चौकोनी वसाहती, रुंद सरळ रस्ते आणि एकसारख्या दुकानांच्या रांगा यांसाठी प्रसिद्ध आहे. वेड्यावाकड्या वाढलेल्या उपनगरांत राहणाऱ्या माणसास अठराव्या शतकात नगररचनेचा इतका बारकाईने विचार झाला होता हे पाहून आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. १८७६ मध्ये युवराजांच्या स्वागतासाठी शहरास गुलाबी रंग देण्यात आला. २०१९ मध्ये युनेस्कोने जयपूर शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

हवामहालासमोर छायाचित्र काढण्यासाठी प्रवासी बराच वेळ देतात. पण त्यापासून जवळच असलेल्या जंतरमंतर वेधशाळेत पंधरा मिनिटांवर थांबत नाहीत. शिक्षकांनी तर येथे निदान दोन तास घालवावेत. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखविते. परंतु ही वेळ मनगटावरील घड्याळाशी जुळत नाही आणि विद्यार्थ्यांच्या कुतूहलाचा आरंभ तेथूनच होतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. जयपूर सुमारे ७५.८ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने जयपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. सूर्याच्या वार्षिक गतीमुळे त्यात दिवसागणिक थोडा फरक पडतो. मुंबईची जुनी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि ती काही व्यवहारांत १९५५ पर्यंत वापरली जाई. भूगोलाच्या पुस्तकातील रेखांशाचे गणित येथे प्रत्यक्ष दगडात उभे असलेले दिसते.

जोधपूर : दुष्काळातून उभा राहिलेला राजवाडा

राव जोधा यांनी १४५९ मध्ये वसविलेल्या जोधपुरात मेहरानगड किल्ला शहरावर सुमारे सव्वाशे मीटर उंचीवर उभा आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी राणीसर आणि पद्मसर हे तलाव आहेत. मात्र शासकीय यंत्रणेत आणि पंचायतींत काम करणाऱ्या वाचकांना अधिक विचारप्रवृत्त करील तो उमेदभवन राजवाडा. महाराजा उमेदसिंग यांनी १९२९ मध्ये या बांधकामास प्रारंभ केला आणि ते १९४३ मध्ये पूर्ण झाले. सततच्या अवर्षणाने गांजलेल्या प्रजेस काम मिळावे हा त्यामागील एक हेतू होता. हजारो मजुरांना त्यातून वर्षानुवर्षे रोजगार मिळाला.

महाराष्ट्रातील वाचकांस येथे १९७२-७३ च्या दुष्काळाची आठवण होणे साहजिक आहे. त्या वेळी लाखो हातांना दुष्काळी कामांवर काम मिळाले आणि त्या अनुभवातून रोजगार हमी योजनेस आकार आला. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यास त्याचा आधार मिळाला. दुष्काळात काम देणे हे राजाचे औदार्य न राहता नागरिकाचा हक्क झाला, आणि त्या कामातून एका राजवाड्याऐवजी रस्ते, पाझर तलाव व बांधबंदिस्ती उभी राहिली. या दोन व्यवस्थांमधील अंतर म्हणजेच लोकशाहीतील प्रगती होय. राजवाड्याच्या वैभवाकडे पाहताना हे अंतर मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे.

जैसलमेर : पाण्याअभावी उभे राहिलेले, पाण्याने खचणारे

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर बांधविलेला जैसलमेरचा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा असून मावळत्या उन्हात तो सोन्यासारखा झळकतो. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाने त्याची कीर्ती दूरवर पोहोचविली. या किल्ल्याचे वैशिष्ट्य असे की तो ओसाड नाही. आजही त्यात हजारो लोक राहतात. २०१३ मध्ये राजस्थानातील सहा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत जैसलमेरही आहे.

या भागात वर्षाला सरासरी २०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. याउलट २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे जैसलमेरचा जवळजवळ पाच वर्षांचा पाऊस उपनगरांवर एका दिवसात कोसळला होता. एवढ्या तुटपुंज्या पावसावर हे नगर शतकानुशतके टिकले, व्यापाराने समृद्ध झाले आणि पटव्यांच्या हवेलीसारख्या वास्तू उभारू शकले, याचे रहस्य त्याच्या जलव्यवस्थेत आहे. गडीसर तलावात पावसाचे पाणी साठविले जाई आणि तेथून घागरींनी घरोघर नेले जाई. अंगणातील वा छपरावरील पाणी जमिनीखालील ‘टांक्या’त उतरविले जाई. आसपासच्या गावांत पालीवाल समाजाने ‘खडीन’ पद्धत विकसित केली होती. उतारावरून वाहत येणारे पाणी सखल भागात मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पिकवायचा, अशी ही पद्धत आहे. पुढे सतलज-बियासच्या संगमापासून निघणारा कालवा वाळवंटात आला. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या या कालव्यास १९८४ मध्ये इंदिरा गांधी यांचे नाव देण्यात आले.

नळाचे पाणी आले आणि किल्ल्यापुढे नवाच प्रश्न उभा राहिला. घागरीने मोजून पाणी वापरणाऱ्या वस्तीसाठी बांधलेल्या या टेकडीवर निवासगृहे, उपाहारगृहे आणि स्नानगृहे वाढली. सांडपाण्याचा निचरा होण्याची व्यवस्था त्या प्रमाणात नव्हती. पाणी पायाखालच्या मातीत मुरू लागले, भिंतींना तडे गेले, काही बुरूज ढासळले. जागतिक स्मारक निधीने १९९६ पासून अनेकदा या किल्ल्याचा समावेश धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत केला. त्यानंतर निचरा आणि दुरुस्तीची कामे हाती घेण्यात आली. तरी मूळ कारण दूर झालेले नाही. जो किल्ला पाण्याच्या टंचाईस आठ शतके पुरून उरला, त्यास पाण्याच्या मुबलकतेने धोका पोहोचावा हे विलक्षण होय. म्हणून प्रवाशाने किल्ल्याच्या आत मुक्काम न करता खाली शहरात उतरणे आणि पाणी हात राखून वापरणे हीच त्या वास्तूची खरी सेवा ठरते.

शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर सम येथील वाळूच्या टेकड्या आहेत. त्यास लागूनच सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. माळढोक पक्ष्याचा अखेरचा मोठा आश्रय तोच. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर दिसणारा हा पक्षी महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला असून त्याची एकूण संख्या दीडशेच्या आसपास उरली आहे. सम येथे २०१९ पासून त्याच्या प्रजननाचे केंद्र चालविले जात आहे. वाळूवर भरधाव मोटारी पळविणे आणि रात्री ध्वनिवर्धक लावणे हे या परिसरात सर्वथा गैर आहे.

येथील संध्याकाळी लंगा व मांगणियार कलावंतांचे गायन ऐकावयास मिळते. आपल्याकडील गोंधळी, वासुदेव यांच्याप्रमाणेच या कलावंतांची यजमान घराणी पिढ्यानपिढ्या ठरलेली असत. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी विजयदान देथा यांच्यासह १९६० मध्ये बोरुंदा येथे रूपायन संस्था स्थापन करून या परंपरेचे जतन केले. चित्रपटगीतांची फर्माईश न करता या कलावंतांना त्यांचेच गीत गाऊ दिले आणि बिदागी थेट त्यांच्या हाती दिली, तर कला आणि कलावंत या दोहोंचा मान राखला जातो.

उदेपूर : तलावांवर जगणारे नगर

सोळाव्या शतकात महाराणा उदयसिंग यांनी वसविलेल्या उदेपूरचे सौंदर्य त्याच्या तलावांत आहे. पिछोला तलाव मूळ चौदाव्या शतकातील असून नगर वसल्यावर तो वाढविण्यात आला. बाजीरावांचे समकालीन महाराणा दुसरे जगतसिंग यांनी त्यात जगनिवास हा महाल बांधविला. तो १९६३ पासून हॉटेल म्हणून चालविला जातो. येथील तलाव एकमेकांना जोडलेले असल्याने एक भरला की पाणी दुसऱ्यात जाते. जोधपूरहून येताना वाटेत लागणारे राणकपूरचे पंधराव्या शतकातील जैन मंदिर अवश्य पाहावे. २०२५ च्या जानेवारीत रामसर कराराखाली उदेपूरला पाणथळ नगराचा दर्जा मिळाला. इंदूरबरोबर हा मान मिळविणारे ते देशातील पहिले शहर होय. तलावाच्या काठी भोजन करणाऱ्या प्रवाशाने कचरा पाण्यात टाकू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. दुर्दैवाने ती पडते.

घराजवळचा धडा

या सर्व नगरांचा विचार करता एक गोष्ट स्पष्ट होते. राजवाडे हे या नगरांचे दर्शनी रूप. त्यांचा खरा पाया पाण्याची काटेकोर साठवण हाच होता. हिंदी लेखक अनुपम मिश्र यांनी आपल्या पुस्तकांतून ही परंपरा विस्ताराने मांडली आहे. मराठी प्रवाशास हे काही अगदीच परके नाही. राजस्थानातील ‘टांका’ आणि आपल्या गडांवरील ‘टाके’ हे शब्द जवळचे नातेवाईक आहेत. तेथील बावडी म्हणजे आपली बारव. आभानेरीची चांद बावडी पाहून थक्क होणाऱ्याने सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटांची विहीरही पाहावी.

उपनगरवासीयांस तर एवढेही दूर जाण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी असून लेण्यांलगत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तेथील प्राचीन शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ असे म्हटले आहे. डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळींवाटे या टाक्यांत उतरविण्याची योजना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी आखली होती. याच उद्यानाच्या परिसरात विहार आणि तुळशी हे मुंबईचे जुने जलाशय आहेत. ते अनुक्रमे १८६० आणि १८७९ मध्ये पूर्ण झाले. आज मुंबईस लागणारे बहुतेक पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून येते आणि त्याचा मोठा भाग मुलुंडशेजारच्या भांडुप येथे शुद्ध होतो. महापालिकेने २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचय बंधनकारक केला. तरी अनेक गृहनिर्माण संस्थांत ही व्यवस्था कागदावरच राहते आणि एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहिली जाते.

म्हणून शिक्षकांनी राजस्थानच्या सहलीपूर्वी विद्यार्थ्यांस एक दिवस कान्हेरीस न्यावे. टाकी मोजावयास, त्यांतील पाण्याचा मार्ग शोधावयास सांगावे. सहलीस जाणाऱ्या कुटुंबानेही प्रत्येक नगरात एक प्रश्न जरूर विचारावा : येथे पाणी कोठून येत असे आणि आता कोठून येते? या एका प्रश्नाने राजवाडा, तलाव, दुष्काळ आणि कालवा यांची सांगड घातली जाते आणि विखुरलेल्या दृश्यांना अर्थ प्राप्त होतो. ग्रामपंचायत सदस्यांना खडीन आणि टांक्याच्या पाहणीतून स्वतःच्या गावच्या जुन्या बारवा व बंधाऱ्यांची दुरुस्ती हाती घेण्याची प्रेरणा मिळाली, तर अशा प्रवासाचा लाभ एका कुटुंबापुरता राहणार नाही.

पर्यटनाच्या क्षेत्रात राज्याराज्यांनी एकमेकांकडून शिकण्याची परंपरा आहेच. २६ जानेवारी १९८२ रोजी राजस्थानात ‘पॅलेस ऑन व्हील्स’ ही आलिशान गाडी सुरू झाली आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने ‘डेक्कन ओडिसी’ रुळांवर आणली. परंतु अशा गाड्यांचे भाडे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. सामान्य प्रवाशास उपयोगी पडतो तो शयनयानाचा डबा, अगोदर केलेली तयारी आणि पाहण्याची दृष्टी. राधाबाईंच्या यात्रेस वर्ष लागले. आज बोरिवलीस गाडीत बसलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी जोधपुरास उतरते. वाचलेला हा काळ घाईत न दवडता नगरे समजून घेण्यात खर्च केला आणि तेथील पाणी, वास्तू व माणसे यांची कदर राखली, तर साठविलेली रजा आणि पैसा सार्थकी लागेल आणि पुढच्या पिढीस पाहण्यासाठी ही नगरे शिल्लकही राहतील.